शस्त्रवैद्याचे सोवळे

काही महिन्यांपूर्वी आमचे एक जुने स्नेही संध्याकाळच्या वेळी आमच्याकडे आले, ते फारच तापलेले होते. वयाने ते आमच्याहून चार-पाच वर्षांनी वडील. मधुमेहाचा विकार जुना, आणि त्या विकारापायीच त्यांची लिंगोत्थानाची शक्ती नाहीशी झालेली. ह्या शेवटल्या गोष्टीचा उच्चार तीस वर्षांच्या स्नेहात त्यांनी आमच्यापाशी त्या दिवशी प्रथमच केला. औषधांचा उपयोग होईना, तेव्हा शस्त्रक्रियेने शिश्नात कृत्रिम आरोपण बसवून घ्यावे असे त्यांनी व त्यांच्या पत्नीने विचारपूर्वक ठरविले होते. दिवस मुक्रर झाला होता, घरच्या मंडळींस 'हर्नियाचे ऑपरेशन' म्हणून सांगून झाले होते. आणि ऐन वेळी, मांडीवर एक केसतूड उठलेले पाहून शस्त्रवैद्यांनी त्यांस घरी परत पाठविले. "अहो, हरभऱ्याएवढा तो फोड! त्यापायी मला टेबलावरून उठविले. जसा काही मी विटाळलेलाच होतो!" असे ते म्हणाले.

त्यांचा हा 'विटाळ' शब्द आमच्या मनात घोळत राहिला. आम्ही वैद्य नव्हे. इतिहास शिकविणे हा आमचा व्यवसाय. परंतु एका क्षुल्लक फोडापुढे निष्णात शस्त्रवैद्याने माघार का घ्यावी, ह्याचे उत्तर इतिहासातच सापडते, आणि ते उत्तर पुढच्या आठवड्यात आम्ही त्यांस आमच्या परीने सांगितलेही. तेच येथे थोड्या विस्ताराने मांडीत आहो. विषय संकोचाचा आहे हे आम्ही जाणतो. पण ज्या विषयाचा संकोच वाटतो त्याच विषयात माणूस आपले प्रश्न गिळून टाकतो, आणि न विचारलेल्या प्रश्नांची किंमत पुढे त्यालाच मोजावी लागते. सबब वाचकांनी क्षणभर संकोच बाजूस ठेवावा, अशी आमची विनंती आहे.

आरंभ व्हिएन्ना शहरापासून केला पाहिजे. तेथील मोठ्या सार्वजनिक इस्पितळात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. १८४६ साली पहिल्या विभागात दर शंभर बाळंतिणींमागे सुमारे ११ सूतिकाज्वराने दगावल्या; दुसऱ्यात तीनदेखील नाहीत. गावातल्या बायकांस हा फरक ठाऊक होता, आणि पहिल्या विभागात आपली नेमणूक होऊ नये म्हणून त्या पदर पसरीत. इग्नाझ सेमेलवाइस ह्या तरुण हंगेरियन वैद्यास ह्या कोड्याने झपाटले होते. १८४७ च्या मार्चमध्ये त्याचे मित्र प्राध्यापक कोलेच्का यांस शवविच्छेदनाच्या वेळी एका विद्यार्थ्याच्या सुरीचा ओझरता स्पर्श बोटास झाला, आणि तेवढ्याने त्यांस मृत्यू आला. त्यांच्या शवाची लक्षणे सेमेलवाइसने वाचली, तो ती मृत बाळंतिणींच्या लक्षणांशी तंतोतंत जुळत होती. विद्यार्थी व त्यांचे गुरू सकाळी शवागारात प्रेते फाडीत आणि तेथून तसेच उठून बाळंतिणींस तपासावयास येत. सुईणी शवागारात जात नसत. रोगाचा वाहक कोण, हे आता उघड झाले. तो वैद्याचा स्वतःचा हात होता.

त्या वर्षीच्या मे महिन्यापासून सेमेलवाइसने प्रत्येकास क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. १८४८ साली पहिल्या विभागातील मृत्यूंचे प्रमाण शेकडा १.२७ वर आले, म्हणजे सुईणींच्या विभागाच्या बरोबरीस येऊन ठेपले. मध्यंतरी, १८४७ च्या ऑक्टोबरात, आणखी एक धडा मिळाला. गर्भाशयाच्या कर्करोगाने स्रवत असलेली एक स्त्री वॉर्डात पहिल्या खाटेवर होती. तिला तपासून वैद्य पुढच्या खाटांकडे गेले, आणि तिच्याबरोबर असलेल्या १२ बाळंतिणींपैकी ११ मरण पावल्या. म्हणजे विष केवळ प्रेतातच असते असे नाही, जिवंत देहातूनही ते हाताबरोबर पुढे जाते. तेव्हापासून दर रुग्णामागे हात धुण्याचा नियम झाला.

हा शोध डोक्यावर घेऊन नाचावा असा होता. पण तसे घडले नाही. आपल्याच हातांनी आपण शेकडो मातांना मारले, हे मान्य करणे प्रतिष्ठित वैद्यांस अशक्य झाले. सेमेलवाइसचा स्वभावही तापट होता, आणि आपला ग्रंथ त्याने १८६१ पर्यंत लिहिला नाही. अखेरीस बुद्धिभ्रंश झाल्यावरून त्यास वेड्यांच्या इस्पितळात टाकण्यात आले आणि तेथे, दूषित जखमेच्याच विकाराने, १३ ऑगस्ट १८६५ रोजी तो वारला.

ती तारीख लक्षात ठेवण्याजोगी आहे. कारण तिच्या आदल्याच दिवशी, १२ ऑगस्ट १८६५ रोजी, स्कॉटलंडातील ग्लासगो येथे जेम्स ग्रीनलीस नावाचा ११ वर्षांचा एक मुलगा इस्पितळात आणला गेला. गाडीचे चाक पायावरून जाऊन त्याचे हाड मोडले होते आणि कातडी फाटली होती. अशा जखमेत त्या काळी पू होणे हे ठरलेले, आणि पाय कापणे हा सर्वमान्य उपाय. प्राध्यापक जोसेफ लिस्टर यांनी पाश्चरचे आंबण्याच्या क्रियेवरील संशोधन वाचले होते. हवेतील सूक्ष्म जीवांमुळे जर द्राक्षरस आंबतो, तर जखमही त्यांच्याचमुळे सडत असली पाहिजे, असे त्यांनी अनुमान बांधले. कार्बोलिक ॲसिडात भिजविलेले कापड त्यांनी जखमेवर बांधले. सहा आठवड्यांनी मुलगा दोन्ही पायांवर उभा राहिला. ही पद्धत लिस्टर यांनी १८६७ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकातून प्रसिद्ध केली. त्यांच्या वॉर्डात अवयव कापण्याच्या ३५ शस्त्रक्रियांत पूर्वी १६ रोगी दगावत. नव्या पद्धतीनंतर ४० पैकी ६ दगावले.

लिस्टर यांच्या चरित्रातील एक प्रसंग बहुतेक लेखक घाईने ओलांडतात. आमच्या विषयाचे मूळ मात्र त्यातच आहे. १८७७ साली लंडनमध्ये त्यांनी गुडघ्याची मोडलेली वाटी चांदीच्या तारेने जोडली. कातडी न फाटलेल्या सांध्यावर आपण होऊन सुरी चालवावयाची आणि त्यात धातू ठेवून जखम शिवून टाकावयाची, हे त्यांच्या समकालीनांस खुनासारखे वाटले. तो रोगी बरा झाला. शरीराबाहेरची वस्तू शरीरात जाणूनबुजून ठेवता येते, मात्र तीबरोबर एकही जंतू आत जाता कामा नये, हा सिद्धान्त त्या तारेने प्रस्थापित केला. आजचे कृत्रिम खुबे, हृदयाच्या झडपा, आणि आमच्या स्नेह्यांच्या वाट्यास आलेले आरोपण, ही सारी त्या चांदीच्या तारेची वंशावळ आहे.

ह्यानंतरची प्रगती आपण भरभर पाहू. जखमेतील जंतू मारण्यापेक्षा ते जखमेपर्यंत पोहोचूच नयेत हे श्रेयस्कर, असा विचार जर्मनीत बळावला. बर्लिनच्या बर्गमान यांच्या संप्रदायाने उपकरणे व कापडे वाफेने निर्जंतुक करण्याची पद्धत रूढ केली. लिस्टर हवेत कार्बोलिकचा फवारा मारीत असत. १८९० साली त्यांनी तो स्वतःच टाकून दिला व आपण त्याची शिफारस केली होती ह्याबद्दल जाहीर खेदही व्यक्त केला. थोर माणसाची ही खूण आम्हांस फार मोलाची वाटते. त्याच सुमारास अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स इस्पितळातील हॅल्स्टेड यांनी गुडइयर कंपनीकडून पातळ रबरी हातमोजे करविले. त्यांचा हेतू रुग्णाचे रक्षण हा नव्हताच. त्यांची परिचारिका कॅरोलाइन हॅम्प्टन हिच्या हातांची कातडी जंतुनाशक द्रावणाने सोलून निघत असे, तिच्यासाठी ते मोजे होते. पुढे त्या दोघांचा विवाह झाला, आणि त्याहीपुढे हे मोजे रुग्णाचेही रक्षण करतात हे सहकाऱ्यांच्या ध्यानात आले. इतिहासाच्या काही मोठ्या वाटा अशा आडवाटेने निघतात.

आता खरा प्रश्न येतो. हात स्वच्छ, उपकरणे निर्जंतुक, मोजे नवे, एवढे झाल्यावर भय उरते ते कशाचे? उत्तर असे की, रुग्णाच्या स्वतःच्या कातडीवर निरुपद्रवीपणे राहणाऱ्या जंतूंचे. निरोगी शरीर ह्या जंतूंस सहज आटोक्यात ठेवते. परंतु परकी वस्तू आत ठेवली की हा तोल पार बिघडतो. एलेक व कोनेन ह्या दोन इंग्लंडवासी संशोधकांनी १९५७ साली स्वयंसेवकांच्या कातडीवर प्रयोग केले. नुसत्या कातडीत पू उत्पन्न करण्यास लक्षावधी जंतू टोचावे लागत. त्याच जागी रेशमाचा एक टाका असला की काही शेकड्यांनी ते काम होई. एका टाक्याने जंतूंचे सामर्थ्य दहा हजार पटींनी वाढले! ह्याचे कारण पुढील दशकांत उमगले. परक्या वस्तूच्या पृष्ठभागास चिकटून जंतू स्वतःभोवती एक बुळबुळीत पापुद्रा विणतात. त्याच्या आत त्यांस ना रक्तातील पेशी गाठू शकत, ना औषध पुरते पोहोचू शकत. किल्ल्यात शिरून दरवाजे लावून घेतलेल्या शत्रूसारखी त्यांची स्थिती होते. म्हणून लढाई जिंकावयाची ती शत्रू तटाबाहेर असतानाच.

इंग्लंडातील जॉन चार्नले यांनी कृत्रिम खुबा बसविण्याच्या कामी हेच ओळखले. आरंभी त्यांच्या रुग्णांत संसर्गाचे प्रमाण शेकडा सातच्या घरात होते. गाळलेल्या शुद्ध हवेची बंदिस्त खोली, श्वास बाहेर शोषून घेणारे विशेष पोशाख व दुहेरी मोजे, अशा उपायांनी त्यांनी ते एकाच्याही खाली आणले. प्रतिजैविक औषधे केव्हा द्यावीत हा प्रश्नही याच काळात सुटला. बर्क यांनी १९६१ साली गिनीपिगांवर दाखवून दिले की, जंतू शिरण्यापूर्वी औषध पेशींत हजर असेल तरच ते खरे कामास येते. तीन तासांनी दिलेले औषध व्यर्थ जाते. म्हणून आज पहिला छेद घेण्यापूर्वी तासाभराच्या आत औषध शिरेतून देण्याचा प्रघात आहे. 'ऑपरेशननंतर आठ दिवस औषध घ्या म्हणजे पू होणार नाही' ही जी आपल्याकडील भाबडी समजूत, तिला ह्यात फारसा आधार नाही.

शिश्नातील आरोपणाचा इतिहास ह्या पार्श्वभूमीवर पाहावा. १९३६ साली रशियन शस्त्रवैद्य बोगोराझ यांनी नव्याने घडविलेल्या शिश्नात बरगडीची कूर्चा आधारासाठी बसविली. १९५२ साली अमेरिकेत गुडविन व स्कॉट यांनी ॲक्रिलिकच्या कांड्या वापरल्या. खरे युग सुरू झाले ते १९७३ साली, ह्यूस्टन येथील ब्रँटली स्कॉट व त्यांचे सहकारी यांनी सिलिकोनचे फुगविता येणारे आरोपण प्रसिद्ध केले तेव्हा. आजच्या प्रचलित रूपात शिश्नात दोन नळ्या, वृषणकोशात एक लहानसा पंप व ओटीपोटात खारट पाण्याची एक पिशवी असते. पंप दाबला की पाणी नळ्यांत येते, पंपाजवळची कळ दाबली की परत जाते. ह्याहून साधी, वाकविता येणारी कांडीवजा आरोपणेही आहेत. ती स्वस्त पडतात. मुंबईच्या डॉ. रूपीन शहा यांच्या नावाने ओळखले जाणारे भारतीय आरोपण ह्याच जातीचे.

ज्या जागी हे सारे बसवावयाचे ती जागा जंतूंच्या दृष्टीने शरीरातील सर्वांत गजबजलेल्या जागांपैकी एक. मांड्यांचे सांधे, घाम, केस, जवळच मलमूत्राचे मार्ग. संसर्ग झालाच तर परिणाम कठोर असतात. नुसत्या औषधाने भागत नाही. बहुधा सर्व आरोपण काढून टाकावे लागते. मग आतील ऊतींत व्रण पडून त्या आक्रसतात, शिश्न आखूड होते, आणि दुसरे आरोपण बसविणे पहिल्याहून पुष्कळ बिकट होऊन बसते. मल्काही ह्या अमेरिकन शस्त्रवैद्याने १९९६ साली एक तोड सुचविली: दूषित आरोपण काढावयाचे, जागा क्रमाक्रमाने अनेक औषधी द्रावणांनी धुवावयाची, आणि त्याच बैठकीत नवे बसवावयाचे. निवडक रुग्णांत ती पुष्कळ यशस्वी ठरली आहे. तरीही ती आग लागल्यावरची धावपळ होय. आणि जो रुग्ण घरी 'हर्निया' सांगून आला, तो ताप व ठणका लपवून चार दिवस अधिक काढतो, हेही विसरता कामा नये. संकोच हा येथे जंतूंचा मित्र ठरतो.

ह्यावर उपाय काय योजिले गेले? पहिला, सावधगिरीचा: रक्तातील साखर आटोक्यात आणणे, मूत्रात जंतू असल्यास आधी ते नाहीसे करणे, कातडीवर फोड वा पुरळ असल्यास थांबणे. दुसरा, कातडीच्या शुद्धीचा. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ८४९ रुग्णांच्या तुलनेत, पोटाच्या व तत्सम शस्त्रक्रियांत, अल्कोहोलमिश्रित क्लोरहेक्सिडीन वापरलेल्या रुग्णांपैकी शेकडा ९.५ जणांस संसर्ग झाला, तर आयोडीनयुक्त द्रावणाच्या गटात शेकडा १६.१ जणांस. केस काढण्याबाबतची गंमत ध्यानात घेण्याजोगी आहे. इतर शस्त्रक्रियांत वस्तऱ्याने कातडीस सूक्ष्म जखमा होतात म्हणून कातरयंत्र बरे, असा नियम. पण वृषणकोशाच्या सैल, सुरकुतलेल्या कातडीवर कातरयंत्रानेच अधिक ओरखडे उठतात, असे २०१३ च्या एका तुलनात्मक प्रयोगात आढळले. एका जागेचा नियम दुसऱ्या जागी डोळे मिटून लावू नये, हा बोध वैद्यांइतकाच इतिहासकारांनीही घ्यावा.

तिसरा उपाय आरोपणावरच केलेला. २००१ साली अमेरिकेत मिनोसायक्लीन व रिफाम्पिन ह्या दोन प्रतिजैविकांचा लेप दिलेले आरोपण मान्य झाले. त्यामागोमाग औषधी द्रावण शोषून धरणाऱ्या आवरणाचे दुसरे एक आले. चौथा उपाय सर्वांत साधा, आणि आमच्या मते सर्वांत अर्थपूर्ण. न्यूयॉर्कच्या ईद ह्या शस्त्रवैद्याने असा विचार केला की, मोजे निर्जंतुक असले तरी रुग्णाच्या कातडीस लागताच ते निर्जंतुक राहिलेले नसतात. म्हणून छेद घेऊन झाल्यावर वापरलेली उपकरणे बाजूस सारावयाची, मोजे बदलावयाचे, जखमेवर एक सैल पारदर्शक पडदा पसरून त्याला लहानशी खिडकी पाडावयाची, आणि त्या खिडकीतूनच पुढचे सर्व काम करावयाचे. आरोपण, हात, उपकरणे, कशाचाही कातडीला पुन्हा स्पर्श नाही. २०१२ साली त्यांनी २,३४७ रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध केला. साध्या आरोपणांत संसर्ग शेकडा ५.३, लेप दिलेल्यांत २, आणि लेपाबरोबर ही 'अस्पर्श' रीत पाळली तेव्हा शेकडा ०.४६.

हे आकडे एकाच शस्त्रवैद्याचे असून एकामागून एक आलेल्या कालखंडांचे आहेत, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे. मधल्या काळात त्यांचा हातही अधिक सरावला असेल, तेव्हा सगळे श्रेय पडद्यास देता येणार नाही. शिवाय शत्रूही बदलतो आहे. पूर्वी ज्या कातडीवरील जंतूंचे प्राबल्य असे त्यांची जागा काही अंशी आतड्यांतील जंतू व बुरशी घेऊ लागल्याचे आढळते, आणि जुनी औषधे त्यांस पुरी पडत नाहीत. लिस्टरने फवारा टाकला तसे आजचेही काही उपाय उद्या टाकावे लागतील.

तथापि व्हिएन्नापासून न्यूयॉर्कपर्यंतची ही वाट सलग आहे. सेमेलवाइसने हात धुवावयास लावला, हॅल्स्टेडने तो झाकला, आणि आता त्या झाकलेल्या हातावरही विश्वास ठेवू नका असे शास्त्र सांगते. हे वाचताना आम्हांस आमच्या आजीच्या सोवळ्याची आठवण झाली. तिचे सोवळ्याचे वस्त्र उंच दांडीवर वाळत असे, काठीने उतरविले जाई, आणि आम्हा मुलांपैकी कोणी नुसता धक्का लावला तरी ती पुन्हा पाण्याखाली जाई. शस्त्रक्रियागृहातील झगे, मोजे व पडदे पाहिले तर बाह्य आचार थेट तसाच दिसतो. पण साम्य येथेच संपते. आमच्या सोवळ्याने कधी मोजमाप केले नाही आणि आपल्या नियमांची कधी परीक्षा घेतली नाही. त्याहून मोठा दोष हा की, त्याने विटाळ नेहमी दुसऱ्याच्या ठिकाणी पाहिला, आणि तोही दुसऱ्याच्या जन्मात. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी प्याले, तेव्हा ते तळे 'शुद्ध' करून घेणाऱ्यांपैकी कोणासही आपले स्वतःचे हात तपासावेत असे वाटले नाही. सेमेलवाइसने विटाळ शोधला तो इस्पितळातील सर्वांत मानाच्या हातावर, गुरूच्या व स्वतःच्या हातावर. ते सोवळे वाढले ते आकडे मोजून, चुका कबूल करून, आणि ते पाळावयाचे ते दुसऱ्याचा जीव वाचावा म्हणून.

आमच्या स्नेह्यांची शस्त्रक्रिया पुढे सुमारे दोन महिन्यांनी झाली. तोवर केसतूड बरे झाले होते आणि साखरही बरीच उतरली होती. परवा ते भेटले तेव्हा प्रसन्न दिसले. त्या संध्याकाळच्या आपल्या रागाबद्दल त्यांनी दिलगिरी दर्शविली व तो 'विटाळ' शब्द आपण मागे घेतो असे म्हणाले. आम्ही म्हटले, मागे घेऊ नका. विटाळ खरोखरच होता. तो त्या फोडातील जंतूंचा होता, आणि तो ओळखून ज्याने तुम्हांस परत पाठविले, त्याने त्या दिवशी तुमच्यावर शस्त्र न चालविताच मोठी शस्त्रक्रिया केली.

त्यांनी जाता जाता एवढेच सांगितले की, घरी मोठ्या मुलास त्यांनी आता खरे काय ते सांगून टाकले आहे.